जिगहेड ओतणं आणि पावडर पेंट करणं: या चुका टाळा

खडकावर दोनदा आपटलं की जिगहेडचा, म्हणजे गळावर ओतलेल्या शिशाच्या डोक्याचा, रंग टवके धरून उडतो, आणि दोष मिळतो पावडर पेंटच्या (गरम डोक्यावर वितळवून मग ओव्हनमध्ये भाजायच्या कोरड्या रंगाच्या) डबीला. डबी बहुतेक वेळा निर्दोष असते. बिघाड तापमानात असतो, कधी शिशाच्या, कधी साच्याच्या, कधी ओव्हनच्या. म्हणून रंगाच्या तक्रारींकडे येण्याआधी ओतकाम नीट बघायला हवं.

इथली मापं जिताडा, तांबोशी, गोबरा या माशांसाठी रबरी मासोळी लावून वापरायच्या ७ ते २८ ग्रॅमच्या जिगहेडची आहेत. बाजारातल्या बऱ्याच साच्यांवर वजन औंसात कोरलेलं असतं. पाव औंस म्हणजे ७ ग्रॅम, अर्धा औंस १४ आणि एक औंस २८. एक किलो स्वच्छ शिशातून अर्ध्या औंसाची साधारण ७० डोकी निघतात.

शिसं घेतानाच होणाऱ्या चुका

जिगहेडला मऊ शिसं लागतं. नखाने सहज ओरखडा उठला आणि फरशीवर टाकल्यावर खणखणीत न वाजता ठप्प आवाज आला, तर माल बरा. जुने शिशाचे पाइप आणि केबलवरचं आवरण बहुधा चांगलं निघतं. चाकाच्या बॅलन्सिंगच्या वजनांत अँटिमनी असतं, त्यामुळे ते कडक असतं आणि साच्यातल्या बारीक कॉलरपर्यंत (डोक्यामागचा, रबरी मासोळी अडकवायचा भाग) नीट पोहोचत नाही. त्यातच काही वजनं निव्वळ जस्ताची असतात. जस्त ४२० अंश सेल्सिअसला वितळतं, शिसं ३२७ ला. म्हणून अशी वजनं वितळवताना भांडं ४०० अंशांच्या खाली ठेवा, म्हणजे जस्ताचे तुकडे न वितळता वर तरंगतात आणि पळीने काढून टाकता येतात. एकदा जस्त मिसळलं की शिशावर दलियासारखा दाट थर येतो आणि साचा अर्धवट भरू लागतो. ते भांडं सुधारत बसण्यात वेळ घालवू नका, नवं शिसं घ्या.

गाडीच्या बॅटरीतलं शिसं कितीही स्वस्त मिळालं तरी घरी वितळवायचं नाही. त्यात ॲसिडचे अंश, अँटिमनी आणि कधी आर्सेनिक असतं, आणि त्यातून विषारी वायू तयार होऊ शकतात.

भंगारात सोल्डर मिळालं म्हणून तेही भांड्यात टाकणारे आहेत. त्याचा फटका बराच उशिरा, ओव्हनमध्ये बसतो. कथिल आणि शिशाचं मिश्रण १८३ अंशांपासूनच मऊ पडू शकतं. आणि शिसं टाळायचं म्हणून बिस्मथ-कथिलाचा मिश्रधातू वापरलात, तर त्याचा एक प्रचलित प्रकार १३८ अंशांनाच वितळतो, म्हणजे १७५ अंशांच्या ओव्हनमध्ये गळ तारेवर लटकलेला राहील आणि डोकं खाली ट्रेमध्ये सांडलेलं दिसेल. अशा डोक्यांना पावडर पेंट चालत नाही, हवेत सुकणारा रंग किंवा इपॉक्सी लावा.

पाणी

अनेकांचं ओतकाम पावसाळ्यात निघतं, कारण तेव्हा समुद्र खवळलेला असतो आणि गरवायला जाता येत नाही. पण हेच दिवस सगळ्यात धोक्याचे. वितळलेल्या शिशाच्या पृष्ठभागाखाली गेलेल्या पाण्याच्या थेंबाची क्षणात वाफ होते, ती मूळ पाण्याच्या सुमारे १,७०० पट जागा मागते आणि भांड्यातलं शिसं तोंडावर उडतं. सगळं शिसं भांडं थंड असतानाच भरा. मध्ये भर घालायची असेल तर तुकडा आधी भांड्याच्या कडेवर पाच-दहा मिनिटं तापू द्या. पळी आणि चिमटासुद्धा कोरडे आणि गरम हवेत. गॅलरीत पावसाचे शिंतोडे येत असतील तर त्या दिवशी काम काढूच नका.

चष्मा, चामड्याचे हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट आणि बंद बूट यांत सवलत नाही. हवा खेळती हवी आणि मुलं व गरोदर बाई आसपास नकोत. शिसं ४८० अंशांपुढे नेलं की धूर वाढतो, आणि ओतायला तेवढं तापवण्याची गरजही नसते, ३७० ते ४०० पुरतं. मात्र शिसं बहुतेकदा धुरापेक्षा हाताला लागलेल्या करड्या भुकटीतून पोटात जातं. चहाला हात लावण्याआधी साबणाने धुवा, कामाचे कपडे वेगळे धुवा.

साचा अर्धवट भरतो, सुरकुत्या पडतात

शिसं पुरेसं तापलंय, तरी डोक्यावर सुरकुत्या, नाहीतर कॉलर गायब. साचा थंड आहे, बाकी काही नाही. ॲल्युमिनियमचा साचा भांड्याच्या कडेवर टेकवून तापवा आणि पहिल्या पाच-सहा ओतणींवर विसंबू नका, त्या परत वितळवायच्या. शिसं थांबत थांबत ओतलं तरी थर दिसतो. एका धारेत, छिद्राच्या तोंडापर्यंत भरा. आतल्या पोकळीला मेणबत्तीची काजळी हलकी धरली की शिसं सहज वाहतं आणि डोकं सुटतंही लवकर.

उलट, डोकं चकचकीत न दिसता मळकट, खरखरीत निघत असेल तर साचा फार तापलाय. दोन मिनिटं उघडा ठेवा.

शिवणीवर पातळ पापुद्रा येतोय म्हणजे साचा पूर्ण मिटत नाहीये. बहुतेक वेळा गळच चुकीचा असतो. प्रत्येक साचा ठरावीक कोनाच्या आणि जाडीच्या गळासाठी कापलेला असतो. ६० अंशांच्या खाचेत ९० अंशांचा गळ दाबून बसवला तर साचा कायमचा वाकडा होतो. पापुद्रा पक्कडीने काढा किंवा कटरने छाटा. कोरड्या सँडपेपरने घासू नका, ती भुकटी श्वासात जाते.

रंगाचं काम

डोकी ओतल्यावर हात लागतो आणि तेल उतरतं. रंगात टाचणीएवढी छिद्रं दिसण्याचं हे एक कारण. ॲसिटोन किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण सुकू द्या. दुसरं कारण शिशात अडकलेली हवा किंवा ओल. त्यासाठी रंगवण्याआधी डोकी १७५ अंशांवर दहा मिनिटं नुसतीच भाजा.

मेणबत्तीवर तापवून पावडरीत बुडवण्याची पद्धत सोपी, पण काजळी धरते आणि पांढरा रंग करडा होतो. स्पिरिटचा दिवा बरा, हीट गन त्याहून बरी. तरीही एकेक डोकं हाताने तापवण्यात अंदाज चुकतो. पंधरा-वीस डोकी ओव्हनमध्ये १७५ अंशांवर टांगून एकेक बाहेर काढलं तर प्रत्येकाला सारखाच ताप मिळतो. गळाच्या वाकाला चिमट्यात धरा, पावडरीत एक ते दोन सेकंद फिरवा, बाहेर काढून हलकेच टिचकी मारा.

आता दोन-तीन सेकंद बघत राहा, निदान इथेच होतं. पावडर वितळून चकचकीत झाली तर ताप बरोबर. दाणेदार, मंद राहिली तर डोकं थंड होतं. ते परत पावडरीत बुडवू नका, नुसतं पुन्हा तापवा, चमक येते. लगेच वितळून खालच्या टोकाला थेंब जमला तर डोकं जास्त तापलेलं होतं किंवा पावडरीत जास्त वेळ राहिलं. असा जाड थर भट्टीत आणखी ओघळतो.

डबीत दाबून बसलेल्या पावडरीतही थर जाड येतो. त्यासाठी फ्लुइड बेड करतात. पीव्हीसी पाइपचा तुकडा, तळाशी कॉफी फिल्टरचा कागद, खालून मत्स्यटाकीच्या पंपाची मंद हवा. पावडर उकळत्या दुधासारखी हलली पाहिजे, उडता कामा नये. उडणारी पावडर पेटू शकते, म्हणून शेजारी उघडी ज्योत नको आणि हीट गनचं तोंड डबीकडे नको. मास्क लावा. कोकणातल्या दमटपणात पावडरीचे गोळे होतात. डबीत सिलिका जेलची पुडी टाकून झाकण घट्ट लावा, वापरण्याआधी चाळून घ्या.

निऑन पिवळा किंवा गुलाबी रंग शिशावर सरळ घेतला तर मातकट दिसतो. आधी पांढऱ्याचा पातळ थर द्या. दुरंगी डोक्यासाठी पाया गरम असतानाच दुसरी पावडर ब्रशवर घेऊन वरून टिचकीने पाडा.

दोरा ओवायचं भोक बुजलं तर ते रंग मऊ असतानाच, भाजण्याआधी, सुईने मोकळं करा. भाजल्यावर ड्रिलची बारीक बिट घ्यावी लागते आणि कडेचा रंग टवकतो.

भाजणी

रंग उडण्याच्या तक्रारींतल्या बहुतेक इथल्या. पावडर चकचकीत झाली की काम झालं असं वाटतं, पण ती फक्त वितळलेली असते. पक्की होण्यासाठी १७५ अंशांवर सुमारे २० मिनिटं लागतात, डबीवर वेगळं लिहिलं असेल तर ते माना. वेळ डोकं तापल्यापासून मोजायचा, दार लावल्यापासून नव्हे. २८ ग्रॅमच्या डोक्याला पाच मिनिटं जास्त द्या.

छोट्या ओटीजीची बटणं वीस-तीस अंशांनी सहज चुकतात. आत स्वतंत्र ओव्हन थर्मामीटर ठेवा, ओव्हन आधी तापवा, डोकी कॉइलपासून लांब टांगा, खाली फॉइल घातलेला ट्रे ठेवा. पांढरा रंग पिवळसर पडला तर ताप जास्त. हा ओव्हन पुन्हा स्वयंपाकाला वापरायचा नाही.

थंड झाल्यावर कापसावर ॲसिटोन घेऊन रंगावर दहा-बारा वेळा घासा. रंग कापसावर उतरला किंवा चिकट झाला तर भाजणी कच्ची आहे. बाकीची परत ओव्हनमध्ये २० मिनिटं ठेवली की बहुधा सुधारतात. डोळे चिकटवायचे ते ही चाचणी झाल्यावरच, इपॉक्सीने, नाहीतर ओव्हनमध्ये ते वाकतात. रंग बिघडलेलं डोकं वितळवण्याच्या भांड्यात टाकू नका, रंग जळून घाण धूर होतो. ते पुन्हा तापवून वरून एक पातळ थर द्या.