फोनमधून निघालेली लोकेशन नकाशावर टाकताना

आधी फॉरेन्सिक इमेजची, म्हणजे तपासासाठी काढलेल्या फोनच्या डेटाच्या हुबेहूब प्रतीची, कॉपी करा, दोन्हीचा हॅश (फाइलमधल्या डेटावरून निघणारा ओळखीचा आकडा) जुळतोय ना बघा आणि पुढचं सगळं कॉपीवरच करा. मग एक सीएसव्ही (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी फाइल) बनवा: अक्षांश, रेखांश, यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, अ‍ॅक्युरसी किती मीटर, आणि सोर्स, म्हणजे ही ओळ कुठल्या फाइलच्या कुठल्या टेबलातून आली ते. सोर्सचा कॉलम अजिबात सोडू नका, कारण फोटोतलं जीपीएस, वायफायवरून लावलेला अंदाज आणि टॉवरची नोंद यांना सारखं वजन देता येत नाही, टॉवरचा पॉइंट तर टॉवर कुठंय एवढंच सांगतो.

खरा घोळ वेळेत होतो. आयफोनच्या बऱ्याच डेटाबेसमध्ये सेकंद १ जानेवारी २००१ पासून मोजतात, युनिक्समध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या नेहमीच्या मोजणीत, १९७० पासून, म्हणून आयफोनच्या आकड्यात ९७८३०७२०० मिळवायचे, नाहीतर सगळं ३१ वर्षं मागे जातं. फोटोत जीपीएसची वेळ यूटीसीत असते आणि कॅमेऱ्याची वेळ लोकल, दोन्ही वेगळ्या ठेवा.

गुगल टेकआउटच्या (गुगलमधला आपला डेटा उतरवून घ्यायची सोय) जुन्या फाइलमध्ये ४१२३४५६७८ असं काही दिसलं तर एक कोटीने भागा, ४१.२३४५६७८ मिळेल.

आता क्यूजीआयएसमध्ये (नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर) सीएसव्ही उघडा, एक्समध्ये रेखांश, वायमध्ये अक्षांश, सीआरएस (जागा मोजायची पद्धत) ईपीएसजी ४३२६, म्हणजे डिग्रीतले अक्षांश-रेखांश. उलटं झालं तर पॉइंट भलत्याच देशात जातात. ०,० वर, म्हणजे गिनीच्या आखातात, पॉइंट साठलेले दिसले तर त्या बहुतेक रिकाम्या नोंदी असतात, त्या वेगळ्या लेयरमध्ये टाका, डिलीट करू नका.

आणि प्लीज, नुसते ठिपके दाखवू नका! प्रत्येक पॉइंटभोवती अ‍ॅक्युरसीएवढं वर्तुळ काढा. ४३२६ मध्ये बफर, म्हणजे पॉइंटभोवतीचं हे वर्तुळ, मीटरमध्ये नसतो, डिग्रीत असतो, तिथं ५० टाकलं की वर्तुळ अख्खा खंड गिळतं, म्हणून आधी लेयर त्या भागाच्या यूटीएम झोनमध्ये (मीटरमध्ये मोजणारी पद्धत) रीप्रोजेक्ट करा, म्हणजे बदलून घ्या. अँड्रॉइडचा अ‍ॅक्युरसीचा आकडा म्हणजे फोन त्या वर्तुळात असण्याची शक्यता साधारण ६८ टक्के, म्हणजे बाहेर असण्यालाही बरीच जागा उरते, आणि १४०० मीटरचं वर्तुळ असेल तर 'माणूस या घरात होता' असं कुणी म्हणूच शकत नाही. आयफोनमध्ये आकडा निगेटिव्ह असेल तर ते लोकेशनच अवैध धरा.

दोन पॉइंट रेषेने जोडले तरी तो रस्ता ठरत नाही, मधल्या वेळेचा डेटा नसेल तर रेषा तुटकच ठेवा आणि रिपोर्टमध्ये तसं लिहा. कन्व्हर्ट करायला केसची फाइल कुठल्याही ऑनलाइन साइटवर चढवू नका, हे सगळं ऑफलाइन होतं.