मृगदायवन: राजवाडा खालून वर मोजा

थायलंडच्या आखाताला लागून, च-आम आणि हुआ हिन यांच्यामध्ये राजा वजिरावुध (सहावे राम) यांचा मृगदायवन हा उन्हाळी राजवाडा आहे. वारसा-संवर्धनाकडे वळणाऱ्या नव्या विद्यार्थ्याला मोजणीसाठी याहून चांगली इमारत क्वचितच मिळेल. घुमट नाहीत, महिरपींचा थाट नाही. जे काही आहे ते हवामानातून आलेलं.

म्हणून एलिव्हेशनपासून, म्हणजे समोरून दिसणाऱ्या बाजूच्या रेखाचित्रापासून, सुरुवात करू नका. आधी खाली वाका. वाडा जोत्यावर नाहीच, तो १,०८० काँक्रीट खांबांवर उचललेला आहे आणि खांबांच्या बुडाशी पाण्याची पन्हळ आहे, मुंग्या चढू नयेत म्हणून. दुधाच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवतात, तीच युक्ती इथे अख्ख्या राजवाड्याला केली आहे! पन्हळ कोरडी पडली किंवा तिच्यात पाचोळा अडकला की मुंग्यांना पूल मिळतो, म्हणून दोन्ही गोष्टी खांबाच्या क्रमांकासह टिपा.

वरचं बांधकाम सागवानी. हाट चाओ समरान इथला आधीचा राजवाडा उतरवून त्याचं लाकूड १९२३ मध्ये इकडे आणलं. अशा दुसऱ्यांदा वापरलेल्या लाकडात जुन्या खाचा किंवा खिळ्यांची भोकं सापडली तर 'नुकसान' लिहून मोकळं होऊ नका. तो इमारतीचा इतिहास आहे.

राजाच्या कच्च्या आराखड्यावरून एर्कोले मानफ्रेदी या इटालियन वास्तुविशारदाने १६ इमारती छत असलेल्या लांबलचक मार्गिकांनी जोडल्या. नवखे इथेच फसतात. एकेक गाळा (दोन खांबांमधलं अंतर) मोजून बेरीज केली आणि दर गाळ्याला ५ मिलिमीटर चुकले, तर ४० गाळ्यांत २० सेंटिमीटर जातात. टेपचं शून्य एकाच टोकाला धरा आणि पुढचं प्रत्येक माप तिथूनच वाचा. लेसर-मापकाचा ठिपका उन्हात दिसत नाही. बाजूंनी उघड्या मार्गिका सकाळी लवकर घ्या.

सेक्शन, म्हणजे इमारत उभी कापल्यावर दिसेल तसं रेखाचित्र, काढताना वाऱ्याची वाट शोधा: समुद्राकडून, फरशीखालून, छताजवळच्या जाळीतून बाहेर. जाळी काढायची राहिली तर सेक्शन चुकला.

शेवटी पुन्हा खांब. खाऱ्या हवेतला क्षार काँक्रीटमध्ये मुरतो, आतली सळई गंजून फुगते आणि बाहेरचा थर तडकतो. परवानगी असेल तर लाकडी हातोडीने अगदी हलकं ठोका. पोकळ आवाज आला की जागा कागदावरच्या नकाशात दाखवा, खांबावर खडूने नाही.