सोसायटीतलं जुनं झाड पावसाळ्याआधी कसं तपासायचं

मे महिना लागला की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा विषय निघतोच, कोपऱ्यातला गुलमोहर या पावसात पडेल का, आत्ताच काढून टाकूया का, आणि मग कोणीतरी लिहितं की अहो चांगला हिरवागार आहे की! तर आधी हे डोक्यात घ्या की झाड हिरवं असणं आणि घट्ट उभं असणं या दोन वेगळ्या गोष्टी. पाणी वर जातं ते सालीलगतच्या बाहेरच्या लाकडातून, मधला गाभा तसाही मेलेला असतो, त्यामुळे आतून पोकळ झालेलं झाड वर्षानुवर्षं फुलत राहतं. आणि उलटंही आहे, पानं गळली म्हणजे झाड मेलं असं नाही, गुलमोहर उन्हाळा सुरू होताना जवळजवळ बोडकाच असतो, पिंपळही पानं टाकतो. शंका असेल तर बारीक फांदीची साल नखाने जराशी खरवडून बघा, खाली हिरवं ओलसर दिसलं तर ती फांदी जिवंत आहे.

म्हणून बघायला सुरुवात खालून करायची, अगदी मातीपासून. खोड जमिनीत शिरतं तिथे ते पसरट व्हायला हवं, मुळांचे फुगवटे दिसायला हवेत. विजेच्या खांबासारखं सरळ मातीत गेलेलं दिसलं तर बहुतेक वेळा लेव्हल करताना कोणीतरी भर टाकून पायथा गाडलेला असतो. हाताने माती बाजूला करा आणि साल दाबून बघा, मऊ, काळी, वास मारणारी असेल तर कूज लागलीये. पेव्हर ब्लॉक खोडाला चिकटवून बसवले असतील तर एक मीटरभर तरी मोकळे करून घ्या, मुळांना हवा पण लागते.

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, आणि तो झाडाला नाही तर जुन्या वॉचमनला विचारायचा: गेल्या चार-पाच वर्षांत इथे खणलं होतं का? ड्रेनेज, केबल, गॅसची लाइन, कंपाउंडची भिंत, काहीही. ज्या बाजूने चर गेला त्या बाजूची मुळं तुटलेली असतात आणि झाड लगेच काही दाखवत नाही, मग एका वादळात आडवं होतं आणि सगळे म्हणतात अचानक पडलं. गुलमोहराचं तर विशेष, मुळं उथळ आणि लाकूड ठिसूळ.

पायथ्याशी छत्र्या आल्यात का ते बघा. खोडाला चिकटलेली, लाकडासारखी कडक, वरून तपकिरी चकचकीत आणि कडेला पांढरी अळंबी म्हणजे बहुतेक गॅनोडर्मा, मुळं कुजवणारी बुरशी. ती उपटून फेकली की काम झालं असं समजू नका, खरी बुरशी आत पसरलेली असते. चुना-गेरूचा पट्टा असेल तर त्याच्यावरून नीट हात फिरवा, रंगाखाली भेगा लपतात. दगडफूल आणि शेवाळ मात्र सोडून द्या, त्याने झाडाला काही होत नाही.

मग लाकडी हातोडीने खोडावर सगळीकडून ठोकत जा. भरीव आणि पोकळ आवाजातला फरक दोन मिनिटांत कानाला कळायला लागतो. पोकळ वाजलं म्हणून घाबरायचं नाही, भोवतीचं घट्ट लाकूड खोडाच्या त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांश असेल तर झाड बऱ्यापैकी तगतं, पण ढोलीचं तोंड मोठं असेल किंवा भेग असेल तर हा हिशोब चालत नाही. आणि ढोलीत सिमेंट भरू नका!! ही जुनी खोड अजून जात नाही लोकांची. पाणी आत अडकतं, कूज वाढते.

झुकलेलं झाड: झुकाव जुना असेल तर शेंडा परत वर वळलेला दिसतो, ते ठीक. झुकाव नवा असेल आणि झुकल्याच्या विरुद्ध बाजूला माती फुगलेली किंवा भेगाळलेली असेल तर गाड्या आजच हलवा आणि महापालिकेच्या उद्यान विभागाला फोन करा, पाऊस येईपर्यंत थांबू नका.

वरचं लांबून बघा, मोबाइलने झूम करून चालेल. शेंड्याकडून फांद्या वाळत खाली येत असतील तर दुखणं बहुतेक मुळात आहे. जुन्या खोडावर मधेच झुडपासारखे धुमारे फुटलेत म्हणजे झाड ताणात आहे, शेंडा छाटून टाकलेल्या झाडांवर तर हे हमखास, आणि हे धुमारे मोठे झाले की खोडाला जिथे जोडलेले असतात तिथे कच्चे असल्यामुळे सुटतात. दोन खोडं इंग्रजी व्ही सारखी चिकटून वाढली असतील आणि मधे साल दबलेली असेल तर ती जागा फाटायची.

आंब्याला दोन गोष्टी वेगळ्या बघा. खोडाला भोकं आणि खाली लाकडाचा भुसा पडलेला म्हणजे भिरूड, अळी आत पोखरतीये, तारेचा आकडा घालून ती ओढून काढावी लागते. आणि बांडगूळ, ते नुसतं ओरबाडून उपयोग नाही, चिकटलेल्या जागेच्या खालून फांदीच कापायची, त्याला फळं धरायच्या आत, नाहीतर पक्षी चिकट बिया सगळीकडे लावत सुटतात. मोठ्या कापावर बोर्डो पेस्ट लावा, मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर. नारळाच्या खोडातून तपकिरी चिकट पाणी गळत असेल तर सोंड्या भुंग्याचा संशय घ्या.

कापायचं ठरलंच तर परस्पर कुऱ्हाड चालवू नका. महाराष्ट्रातल्या शहरांत १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा खाजगी आवारातल्या झाडालाही लागू आहे, परवानगी वृक्ष प्राधिकरणाकडून घ्यायची, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा जास्त वयाचं झाड हेरिटेज धरलं जातं. अर्जासोबत पायथा, ढोली, भेगा, झुकाव यांचे तारखेसकट फोटो जोडा, आणि साडेचार फूट उंचीवर टेपने घेतलेला घेरही लिहा.