पेरोव्स्काइट एलईडीवरील काळे ठिपके आणि गळणारा प्रवाह: माझा अनुभव

मिथाइल अमोनियम लेड ब्रोमाइड या पेरोव्स्काइटच्या (विशिष्ट स्फटिकरचनेच्या अर्धवाहकाच्या) आमच्या हिरव्या एलईडीवर काळे ठिपके दिसत आणि प्रकाश उमटण्याआधीच, २ व्होल्टच्याही खाली, प्रवाह गळू लागे. धातूचे विद्युताग्र बदलले, थर जाड केला. उपयोग झाला नाही. जुलैतल्या गोव्याच्या दमट हवेत तीन आठवडे अक्षरशः वाया गेले.

दोष दोन ठिकाणी होता. पेरोव्स्काइटच्या खालचा पेडॉट-पीएसएसचा (वीज वाहून नेणाऱ्या प्लास्टिकचा) थर ओलावा शोषतो, आणि आम्ही भाजलेली काच हवेतूनच सावकाश नेत होतो. म्हणून ती १५० अंश सेल्सिअसला २० मिनिटे भाजली, गरम असतानाच नायट्रोजनच्या ग्लव्हबॉक्समध्ये (हातमोजे बसवलेल्या बंद पेटीत) घेतली आणि तेथे पुन्हा १० मिनिटे तापवली. नंतर पेरोव्स्काइटच्या द्रावणात मिथाइल अमोनियम ब्रोमाइड आणि लेड ब्रोमाइड यांचे मोल-प्रमाण १ : १ ऐवजी १.०५ : १ ठेवले, कारण थरात उरलेले धातुरूप शिसे प्रकाश विझवते. हे द्रावण टाकलेली काच मिनिटाला ३००० फेऱ्यांनी फिरत असताना, थर धुरकट होण्याच्या ऐन आधी (ही वेळ डोळ्यांनीच शिकावी लागते) क्लोरोफॉर्म एका झटक्यात सोडला आणि शेवटी ९० अंशांना १० मिनिटे तापवले.

आता २ व्होल्टला प्रवाह नगण्य असतो आणि संपूर्ण चौकट एकसारखी हिरवी उजळते.