दिवाळीत दारू सोडवायची असेल तर

‘दिवाळी होऊन जाऊ दे, मग बघू’ म्हटलं की थेट ३१ डिसेंबर येतो. माणूस आज हो म्हणतोय ना, मग आजच फोन लावा. नशामुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेलिमानस १४४१६, दोन्ही मोफत. पुण्याच्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रात जायचं असेल तर आधी फोनवर जागा आणि सुट्ट्यांचं वेळापत्रक विचारून घ्या.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पाहुणे येणार म्हणून त्याला खोलीत कोंडून दारू एकदम तोडणं. रोज भरपूर पिणाऱ्याला शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत थरथर आणि घाम सुटतो, ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भास आणि बरळणं. यात जीवही जातो. फिट आली किंवा बरळू लागला तर १०८ला फोन करा. लक्ष्मीपूजनाला ओपीडी बंद असली तरी सरकारी रुग्णालयाचा अपघात विभाग उघडा असतो.

डॉक्टरांना नेमकं सांगा: रोज किती क्वार्टर (एक म्हणजे १८० मिली), शेवटची कधी घेतली, आधी फिट आली होती का, बीपी-शुगरच्या गोळ्या कोणत्या. लाजेपोटी आकडा निम्मा सांगितला की औषधही कमी पडतं. ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायमिन (व्हिटॅमिन बी१) दिलं का, हेही विचारा.

‘नकळत दारू सोडवा’वाली पावडर जेवणात अजिबात मिसळू नका. त्यात डायसल्फिराम (दारू सोडवण्यासाठी डॉक्टर देतात ते औषध) असेल आणि वर तो प्यायला, तर बीपी कोसळतं.