एकट्या रात्रीसाठी परक्या बेटाचा रेडिओ

घरात एकटेच अडकलात आणि रात्र सरता सरत नसेल, तर फोनवर 'रेडिओ गार्डन' उघडा. पृथ्वीचा गोल बोटाने फिरवायचा, हिरव्या ठिपक्यावर थांबायचं. तिथलं स्टेशन थेट लागतं. मी आफ्रिकेच्या पश्चिमेला, केप व्हर्देच्या बेटांवर थांबते. आपले रात्रीचे दहा म्हणजे तिथे दुपारचे साडेतीन. निवेदकाची न कळणारी बडबडसुद्धा सोबत वाटते, खरंच! तिथलं 'मोर्ना' हे संथ, विरहाचं गाणं २०१९ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत आलं. अनवाणी गाणाऱ्या सेझारिया एव्होरापासून सुरुवात करा. 'सोदाद' हा शब्द कानावर पडेल. म्हणजे आपली हुरहूर. हेडफोन मात्र नको, स्पीकरवरच लावा; खोली भरल्यासारखी वाटते.