अ‍ॅनिमेतली आई बघायची कशी

अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन, बघताना आधी सबटायटलवरची नजर काढा. मी सुरुवातीची दोन वर्षं खालच्या ओळींत मायेचे शब्द शोधत बसायचे आणि मनात म्हणायचे, काय कोरड्या बायका आहेत या! अ‍ॅनिमेतली आई ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ असं क्वचितच म्हणते. तिचे हात बघायचे असतात, हे फार उशिरा कळलं.

सराव ‘माय नेबर टोटोरो’वर (१९८८) करा. यातली आई आजारी आहे, मोजक्याच दृश्यांत दिसते. मुली भेटायला येतात तेव्हा ती थोरलीचे, सात्सुकीचे, केस विंचरते. हा प्रसंग एकदा आवाज बंद करून बघा. एरवी डबे भरणारी, धाकट्या मेईला सांभाळणारी ही पोर तेवढ्यापुरती नुसती लेक होऊन बसते. पुढे दवाखान्यातून तार येते आणि सात्सुकी हंबरडा फोडते. ते विंचरणं नीट बघितलं असेल तर हे रडणं जास्त लागतं.

मग फक्त ऐका. घरात शिरणारा म्हणतो ‘तादाइमा’, म्हणजे आलो. आतून ‘ओकाएरी’, म्हणजे आलास, ये, असं उत्तर येतं. ते कोण म्हणतंय, कुठल्या सुरात, आणि एखाद्या दिवशी कुणीच म्हणत नाही का, याकडे कान ठेवा. हाकही बघा: ‘ओकासान’, ‘मामा’, की मोठ्या झालेल्या मुलाचं जरा रांगडं ‘ओफुकुरो’? ‘पोन्यो’ या चित्रपटातला पाच वर्षांचा सोसुके तर आईला सरळ ‘लिसा’ म्हणतो, आणि तिला त्याचं काही वाटत नाही.

(केस सैल बांधून एका खांद्यावरून पुढे घेतलेली आई दिसली की चाहते धसका घेतात. ती फार दिवस जगत नाही म्हणे. ‘अटॅक ऑन टायटन’ या मालिकेतली नायकाची आई, कार्ला, आठवा.)

सदा हसतमुख, कधीच न दमणारी आई मला कंटाळवाणी वाटते. गोंधळलेली आई शोधा. ‘वुल्फ चिल्ड्रन’मधल्या (२०१२) हानाची मुलं अर्धी माणूस, अर्धी लांडगा. नवरा गेलेला. लेकीच्या पोटात सिलिका जेल गेल्यावर ती तिला कवटाळून धावत सुटते आणि रस्त्यात थबकते. एकीकडे लहान मुलांचा दवाखाना, दुसरीकडे जनावरांचा. नेमकं इथे पॉज करा आणि तिने पोरीला कसं धरलंय ते बघा.